सीवूड्स ते जासई : दिबांच्या मुलखात

सीवूड्स-दारावे स्थानकाच्या डोक्यावरच मॉल उभा आहे. खरेदीच्या पिशव्या सावरत माणसं सरकत्या जिन्याने थेट फलाटावर उतरतात. पनवेलच्या गाड्या एकामागून एक येतात. उरणची लोकल मात्र वेळापत्रक पाहूनच गाठावी लागते. मला गव्हाणला उतरून पुढे जासईला जायचं होतं. ते दिनकर बाळू पाटील यांचं गाव. सगळा आगरी-कोळी मुलूख त्यांना ‘दिबा’ म्हणतो.

दिबा कधीच मंत्री झाले नाहीत. पनवेलमधून ते पाच वेळा आमदार झाले, दोनदा खासदार झाले, विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. १९७८ मध्ये पुरोगामी लोकशाही दलाचं (पुलोद) सरकार आलं तेव्हा त्यांच्या शेतकरी कामगार पक्षाला (शेकाप) सत्तेत वाटा मिळाला, एन. डी. पाटील, गणपतराव देशमुख मंत्री झाले. दिबा त्या वेळी लोकसभेत होते. तरीही सीवूड्सपासून उरणपर्यंतच्या जमिनीवर जो ठसा त्यांनी उमटवला, तो किती मंत्र्यांना उमटवता आला असेल?

गाडी सुटते आणि इमारती मागे पडून तिवरं सुरू होतात. मग पनवेल खाडीवरचा पूल. या पट्ट्यात पूर्वी भातखाचरं होती, खाऱ्या पाण्याला अडवणारे बांध होते, मिठागरं होती. एका पिकाच्या भातावर आणि खाडीतल्या मासळीवर घरं चालत. मुंबईची गर्दी वाटून घेण्यासाठी खाडीपलीकडे नवं शहर वसवावं, अशी कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६०च्या दशकात मांडली. मार्च १९७० मध्ये हे शहर, म्हणजे नवी मुंबई, उभारण्यासाठी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या भागांतल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. शहराचा आराखडा देखणा होता, यात शंका नाही. पण त्या नकाशात शेतकरी कुठे होता? एकदा पैसे हातावर ठेवले की त्याचा हिशेब संपला, असंच धरलं गेलं. दिबांनी भांडण उभं केलं ते नेमकं इथे.

तरघर, बामणडोंगरी, खारकोपर. डाव्या हाताला नवी मुंबई विमानतळाची बाजू. हा मार्ग खारकोपरपर्यंत २०१८ मध्ये सुरू झाला आणि उरणला पोचायला जानेवारी २०२४ उजाडला. मी गव्हाणला उतरलो आणि रिक्षाने जासईकडे निघालो. रस्ताभर कंटेनरचे ट्रेलर. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून या रस्त्यांना उसंत नाही.

जासईत १३ जानेवारी १९२६ रोजी एका शेतकरी घरात दिबा जन्मले. वकील झाले, शेकापमध्ये गेले. १९५७ मध्ये, संयुक्त महाराष्ट्राचा लढा ऐन भरात असताना, पहिल्यांदा आमदार झाले. या मातीला लढा नवा नव्हता. याच उरण तालुक्यातल्या चिरनेरला १९३० च्या जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला होता. पण जानेवारी १९८४ मध्ये गोळ्या चालल्या त्या स्वतंत्र देशाच्या पोलिसांच्या. योग्य मोबदल्यासाठी हजारो शेतकरी, बायाबापड्यांसह, रस्त्यावर उतरले होते. १६ आणि १७ जानेवारी या दोन दिवसांत, जासईजवळ दास्तान फाटा आणि पुढे नवघर फाटा इथे, पाच जणांनी प्राण गमावले. जासईच्या हुतात्मा स्मारकापुढे उभं राहिल्यावर मला राग आला, आणि तो लपवावा असं वाटलं नाही. स्वतःच्या शेताची किंमत मागणाऱ्या माणसाला गोळी का खावी लागावी?

त्याच वर्षाच्या अखेरीस लोकसभेची निवडणूक झाली. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट होती. इथल्या कुलाबा मतदारसंघाने मात्र शेकापच्या दिबांना निवडून दिलं.

जानेवारीतल्या त्या आंदोलनातून पुढे साडेबारा टक्के योजना आली. ती समजून घेण्यासारखी आहे. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत मिळतो. त्यातून पावणेचार टक्के सार्वजनिक सोयींसाठी कापले जातात. हातात येतात पावणेनऊ. म्हणजे हजार चौरस मीटर जमीन गेली, तर साडेसत्याऐंशी चौरस मीटरचा भूखंड. ऐकायला थोडं वाटतं, पण त्यामुळे शेतकरी शहराच्या वाढत्या किमतीत भागीदार झाला. पैसे संपतात, भूखंडाचा भाव चढत जातो, हे दिबांना पुरतं उमगलं होतं. कितीतरी कुटुंबांनी ते भूखंड बिल्डरांना घाईने विकले, याची हळहळ गावोगाव ऐकू येते. त्याचा दोष मात्र योजनेला देता येणार नाही. पुढे विमानतळाच्या प्रकल्पग्रस्तांना साडेबावीस टक्क्यांचं पॅकेज मिळालं. ते जाहीर झालं तेव्हा दिबा नव्हते. २४ जून २०१३ रोजी ते गेले.

२०२१ मध्ये त्यांच्या स्मृतिदिनी हजारो माणसांनी बेलापूरच्या सिडको भवनाला घेराव घातला. मागणी एकच, विमानतळाला दिबांचं नाव. पुढच्या वर्षी विधिमंडळाने तसा ठराव केला. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं.

जासईहून चिर्ल्याकडे गेलो. शिवडीहून समुद्रावरून येणारा अटल सेतू तिथे जमिनीला टेकतो. पुलामुळे इथल्या जमिनींवर आता साऱ्या मुंबईचा डोळा आहे. गावठाणांत मात्र अजून ‘गरजेपोटी बांधलेल्या घरां’चीच चर्चा चालते. कुटुंबं वाढली, गावठाणाच्या हद्दी वाढल्या नाहीत, म्हणून लोकांनी संपादित जमिनीवर घरं बांधली. ती कायम करण्याचे सरकारी निर्णय अनेकदा निघाले, तरी घराचा कागद हाती पडेपर्यंत गावकऱ्यांचा त्यावर विश्वास बसत नाही. दरवर्षी जानेवारीत हुतात्म्यांना अभिवादन करायला माणसं जमतात, तेव्हा तिथेही हीच मागणी मांडली जाते.