सत्तेचाळीसचे चौऱ्याहत्तर

सोमवार, 16 जून 2025

शाळा उघडली. तिसरीचा वर्ग, मराठी माध्यम, पटावर 34, हजर 21. उरलेले गावाहून यायचेत. कुणाचं गाव गोरखपूरकडे, कुणाचा तांडा सोलापूरकडे. आलेल्यांना विचारलं, घरी आईला काय हाक मारता? अम्मा, माई, अम्मी, याडी. मालवणकडची एक हळूच ‘आये’ म्हणाली आणि स्वतःच लाजली. सर्वांत जास्त मतं ‘मम्मी’ला पडली. मुंबई महापालिका आठ माध्यमांत शाळा चालवते. माझ्या एका वर्गात त्यापलीकडच्या बोलीही बसतात.

गुरुवार, 19 जून

वाचन तपासलं. ‘प्रथम’ संस्थेने रूढ केलेली उतरंड: अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट. 28 मुलं हजर. गोष्टीपर्यंत 9 पोचली, उताऱ्यापर्यंत 7, शब्दांवर 6, अक्षरांवर 6. ‘असर’ अहवालाचे आकडे पेपरांत गाजतात, पण ते खेड्यातल्या मुलांचे. शहरातल्या वर्गाचं चित्र ज्याचं त्याने काढायचं.

शेवटच्या तासाला अंकांचं श्रुतलेखन. तेलुगू घरातल्या म.ने सत्तेचाळीसला 74 लिहिलं, बेचाळीसला 24. दहापैकी दोन. वहीवर ‘सराव करा’ असा शेरा मारला. माझ्या टिपणवहीत त्याच्या नावापुढे लिहिलं: कच्चा.

सोमवार, 30 जून

पहिलीपासून हिंदीचे दोन्ही शासन निर्णय काल मागे घेतले गेले. शिक्षकखोलीत दिवसभर तोच विषय, दोन तट, चहा थंड. मधल्या सुट्टीत वऱ्हांड्यात पाहिलं, तर आमची तांड्यावरची मुलगी भोजपुरीत भांडत होती आणि समोरचा तिला मालवणी शिवी देत होता. या त्रिभाषा सूत्राचा शासन निर्णय कुणी काढला होता कुणास ठाऊक.

शुक्रवार, 11 जुलै

बाहेर धो धो पाऊस, वर्गात चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग. म. मोजताना ओठ हलवत होता. जवळ जाऊन ऐकलं. तेलुगूत मोजत होता. चार ढीग, वर सात सुटे: ‘नलभै एडु’. आधी चाळीस, मग सात. अचूक.

मग डोक्यात प्रकाश पडला. तेलुगूत जसं बोलतात तसंच लिहितात. आपण ‘सत्ते’ आधी म्हणतो, ‘चाळीस’ मागून, आणि लिहितो मात्र चार आधी. तो ऐकलेल्या क्रमाने लिहीत होता: सत्ते म्हणून 7, चाळीस म्हणून 4. जूनमधली वही पुन्हा काढली. एकोणपन्नासला त्याने 15 लिहिलं होतं. तेव्हा मला ते निव्वळ अंदाजपंचे वाटलं होतं. आज दिसलं: एकोण, म्हणजे एक, पन्नास, म्हणजे पाच. दोन्ही बरोबर मिळालेल्या संख्या 55 आणि 66. ज्या कशाही लिहिल्या तरी चुकत नाहीत! पोरगा नियमाने चालला होता. नियम ओळखायला मला तीन आठवडे लागले.

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ आलं तेव्हा किती टिंगल झाली होती. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर सांगत होत्या की जोडाक्षरं आणि उलटा क्रम लहान मुलांना जड जातो. ‘भाषा बुडाली’ म्हणणाऱ्यांत मीही होते. मी तर शिकवणारी! माझं मत आता अर्धं बदललंय. सत्तेचाळीस जायला नको, पण तिथे पोचायला ‘चाळीस सात’ची पायरी हवी. ‘कच्चा’ हा शब्द टिपणवहीतून खोडला.

गुरुवार, 24 जुलै

पालकसभा. 13 आया, 2 बाप. म.ची आई धुण्याभांड्याची कामं आटोपून आली. म्हणाली, “बाई, याला इंग्लिशमध्ये टाकू का? सगळे टाकतात.” मी म्हटलं, घरची भाषा, शाळेची भाषा, वर तिसरी, ओझं होईल. त्यावर तिने साधेपणाने विचारलं, “तुमचा मुलगा कुठल्या शाळेत हाय?”

मी ‘इंग्रजी’ म्हणाले. पुढे दोघीही बोललो नाही.

शनिवार, 2 ऑगस्ट

काल एका संस्थेचे पाहुणे येऊन गेले. तक्ते पाहिले, टॅब पाहिले, फोटो झाले. एकाही मुलाला कुणी ‘वाचून दाखव’ म्हटलं नाही.

रात्री हिशेब मांडला. एका मुलाचं वाचन नीट ऐकायला तीन मिनिटं लागतात. 34 मुलांची 102 मिनिटं. तास 35 मिनिटांचा. म्हणजे बाकी काहीही न शिकवता नुसतं ऐकत बसले तरी फेरी पुरी व्हायला तीन तास हवेत. शिक्षण हक्क कायदा एका शिक्षकामागे 30 मुलं सांगतो. 30 धरली तरी 90 मिनिटं जातातच. गुणवत्तेवरच्या सगळ्या प्रशिक्षणांत ही तीन मिनिटं कुणी मोजलेली मला आठवत नाही. उद्यापासून खिचडीनंतरची वीस मिनिटं फक्त ऐकण्याची. वहीत खुणा करायच्या.

(उद्या रविवार. परवापासून.)

मंगळवार, 19 ऑगस्ट

पावसामुळे सुट्टी. काल दुपारच्या शाळाही सोडल्या होत्या. खुणांची वही घरी राहिली असती तर भिजली नसती; ती माझ्या पिशवीत होती. आता पंख्याखाली वाळतेय.

मंगळवार, 26 ऑगस्ट

उद्यापासून गणपतीची सुट्टी. अंकांची चाचणी घेतली. म. दहापैकी सात. एकोणपन्नासला अजून थबकतो, बोटांवर पन्नासातून एक काढतो, मग लिहितो. वेळ लागतो, पण लिहितो.

खुणा मोजल्या. महिन्याभरात म.चं वाचन सहा वेळा ऐकलं. खिडकीजवळच्या द.चं एकदाच. ती जूनमध्येच गोष्टीपर्यंत पोचली होती, म्हणून राहून गेली.