लाइपझिगहून ताईला

लाइपझिग, डिसेंबरचा पहिला आठवडा

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आल्या आल्या मला काम मिळालं. लेकीच्या शेजारी एक आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. नाताळच्या आधी दरवर्षी घरी श्टोलन करतात. यंदा मनगटं धरलीत म्हणून पीठ मळायला कुणीतरी हवं होतं, ते मी मळलं. एकमेकींची भाषा येत नाही, मध्ये नात दुभाषी. पण पीठ सैल झालं की घट्ट, हे सांगायला भाषा लागतेच कशाला?

श्टोलन म्हणजे भरपूर सुका मेवा घातलेला जड, लांबट पाव. किलोभर मैद्याला अर्धा किलो लोणी! यीस्ट, दूध, भिजवलेले बेदाणे, बदाम, साखरेत मुरवलेल्या संत्र्या-लिंबाच्या साली आणि कुटलेली जायपत्री. अंडं नाही. बेदाणे एरवी रममध्ये भिजवतात, माझ्यासाठी आजींनी सफरचंदाच्या रसात भिजवले. मेवा शेवटी घालायचा आणि हलक्या हातानं, नाहीतर बेदाणे फुटून पीठ काळवंडतं. भाजून गरम आहे तोवरच वितळलेलं लोणी ब्रशनं पाजायचं, ते जिरलं की पुन्हा, आणि मग पिठीसाखरेचा असा थर की पाव दिसेनासा होतो. बाळ येशूला दुपट्यात गुंडाळलंय, असा तो आकार मानतात. लगेच कापायचा नाही. कापडात बांधून थंड जागी ठेवायचा, दोन-तीन आठवडे मुरू द्यायचा.

आणि हे लोणीसुद्धा सहज मिळालेलं नाही. नाताळच्या आधीचे हे दिवस पूर्वी उपासाचे होते, लोणी-दूध वर्ज्य. तेलात मळलेला पाव कसा लागत असेल, कल्पना कर. इथल्या राजांनी पोपकडे अर्ज-विनंत्या केल्या, तेव्हा १४९१ मध्ये आठव्या इनोसंट पोपनं लोणी वापरायची परवानगी देणारं पत्र पाठवलं.

आजींनी कपाटातून एक डबी काढून दाखवली. आत पत्र्याची चपटी खूण, तिच्यावर त्यांच्या माहेरचं आडनाव. त्यांच्या लहानपणी घरोघरी मोठ्या भट्ट्या नव्हत्या. मैदा, लोणी, मेवा घेऊन बेकरीत जायचं, तिथे पीठ मळून व्हायचं आणि आपला श्टोलन ओळखू यावा म्हणून ही खूण त्यात खोचायची. ताई, माझ्या डोळ्यांपुढे आपली दिवाळीच उभी राहिली. रवा-मैदा-तुपाचा डबा घेऊन आई आपल्याला नानकटाईसाठी बेकरीत पाठवायची, पत्र्यावर नावाची चिठ्ठी ठेवायची, आणि दुसऱ्याच कुणाचा पत्रा आपल्या हाती येऊ नये म्हणून आपण भट्टीसमोरून हलायचो नाही. नातीला हे सगळं सांगितलं, तिनं ते आजींना सांगितलं, आणि आजींनी माझ्या हातावर हात ठेवला.

घरात टेबलावर हिरव्या फांद्यांचं चक्र आहे, त्यावर चार मेणबत्त्या. नाताळच्या आधीचे चार रविवार, दर रविवारी एक जास्त लावायची. मला वाटलं, हे शेकडो वर्षांचं असणार. तर तसं नाही. हँबुर्गमध्ये योहान हिनरिश विशर्न नावाचे धर्मगुरू गरीब, निराधार मुलांसाठी आश्रम चालवत. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? म्हणून त्यांनी १८३९ मध्ये गाडीचं जुनं चाक घेऊन त्यावर मेणबत्त्या बसवल्या, रोजच्याला लहान आणि रविवारच्याला मोठ्या. मुलांनी रोज एक लावायची आणि उरलेल्या मोजायच्या. त्याचंच हे आजचं रूप. एका माणसानं मुलांचा प्रश्न मनावर घेतला, एवढंच. तेव्हापासून इथली प्रत्येक गोष्ट पाहिली की मी लेकीला विचारते, हे कुणी सुरू केलं?

तुझी
धाकटी


लाइपझिग, डिसेंबरचा मध्य

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आज फक्त गाण्याबद्दल लिहिते.

गावाच्या मध्यभागी टोमासकिर्श, म्हणजे सेंट थॉमस चर्च आहे. योहान सेबास्टियन बाख १७२३ पासून १७५० साली वारले तोवर इथेच संगीताची व्यवस्था पाहत. मुलांना शिकवायचं, रविवारसाठी रचना करायची, ती बसवून घ्यायची. चर्चचा मुलग्यांचा गायकवृंद १२१२ पासूनचा आहे. ज्ञानेश्वरांच्याही आधीपासून ही मुलं गातायत, ताई! एरवी शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी दुपारी त्यांचं गाणं कुणालाही ऐकता येतं. ती प्रार्थनाच असल्यामुळे टाळ्या वाजवत नाहीत. गाणं संपतं आणि सगळे तसेच बसून राहतात. गाण्यानंतरची ती शांतता मला फार आवडली. आपल्याकडे एखादी भैरवी संपल्यावर कुणी क्षणभर थांबेल तर किती बरं होईल.

बाखचा ‘ख्रिसमस ऑरेटोरियो’ ऐकायला लेकीनं तिकिटं काढली होती. अंगात कोट तसाच ठेवून बाकावर बसलो. गाणारी मुलं आणि वाजवणारे दिसतच नाहीत! ते मागच्या बाजूला, वर सज्जात असतात. आपलं तोंड समोर वेदीकडे, आणि वेदीच्या पुढे जमिनीत बाखची समाधी, नाव कोरलेली काशाची साधी पाटी. मागून नगाऱ्याचे ठोके पडले. फक्त नगारा. मग बासऱ्या, मग कर्णे, आणि मग सगळी मुलं एकदम. माझ्या पाठीवर शहारा आला तो तसाच राहिला. डोळ्यांना काही पाहायचंच नव्हतं, त्यामुळे सगळं अंग कान झालं. पुढे त्या माणसाची समाधी आणि मागून त्याचं गाणं, या दोहोंच्या मध्ये आपण.

एकाच बैठकीत सगळं ऐकायचं म्हणून हे लिहिलेलं नाही. सहा भाग आहेत. १७३४ च्या २५ डिसेंबरला पहिला झाला आणि १७३५ च्या ६ जानेवारीला सहावा, सणाच्या एकेका दिवशी एकेक. म्हणजे लोक गाणं ऐकून घरी जायचे, जेवायचे, आणि पुढचा भाग ऐकायला पुन्हा यायचे. आपल्या नवरात्रातल्या कीर्तनासारखं.

आणि तो सुरुवातीचा नगारा? तो मुळात राणीच्या वाढदिवसाचा. इथल्या राजाच्या राणीसाठी बाखनी १७३३ च्या डिसेंबरमध्ये एक रचना केली होती, तिचीच चाल वर्षभरानं शब्द बदलून नाताळला घेतली. लेक म्हणाली, काही अभ्यासकांना हे पूर्वी खटकायचं. मला अजिबात खटकलं नाही. चांगली चाल एकदाच वाजून संपली असती तर केवढं नुकसान झालं असतं! आपल्या कीर्तनकारांनी, भजनी मंडळांनी नाट्यपदांच्या चालींवर किती अभंग म्हटले, आणि त्यातले काही मूळ पदापेक्षा जास्त जगले.

तुझी
धाकटी


बर्लिन, २३ डिसेंबर, रात्री उशिरा

ती. ताईस,

झोप येत नाही म्हणून लगेच लिहायला बसले.

आज आम्ही फुटबॉलच्या मैदानावर गाणी म्हणायला गेलो होतो. बर्लिनच्या पूर्वेला क्योपेनिक नावाचा भाग आहे, तिथला संघ एफ. सी. युनियन. २००३ साली त्यांचं फार वाईट चाललं होतं, हारीमागून हार. सगळे खट्टू होऊन, एकमेकांना शुभेच्छाही न देता घरी गेलेले. तेव्हा काही चाहत्यांनी ठरवलं, नाताळच्या आदल्या दिवसाच्या आधी एकदा जमूया. कुणाची परवानगी न विचारता ८९ जण मैदानात शिरले, मध्यरेषेजवळ उभे राहिले, थर्मासमधली गरम मसालेदार वाइन वाटून घेतली आणि नाताळची गाणी म्हटली. बस. आज तिथे २८ हजारांच्या आसपास माणसं येतात.

स्टेशनपासून झाडीतून चालत गेलो. हातात मेणबत्ती आणि गाण्यांची पुस्तिका. बाबांच्या खांद्यावर पोरं, लाल-पांढरे मफलर, दंडावर गोंदलेले आडदांड बाप्ये. सात वाजता मैदानावरचे दिवे मालवले आणि शाळेतल्या मुलांनी पहिली ओळ उचलली. मग सगळ्यांनी. कुणाचा सूर वर, कुणाचा खाली, कुणाचा भलतीकडेच, पण हजारोंचा मिळून जो एक आवाज होतो त्यात कुणी बेसूर उरत नाही. मध्येच संघाच्या घोषणा, मध्येच धर्मगुरूंनी बायबलमधली येशूजन्माची कथा वाचली. माझ्या शेजारच्या बाईंनी माझी मेणबत्ती दोनदा आपल्या मेणबत्तीवर पेटवून दिली.

जावई म्हणाले, हे मैदानही याच लोकांनी बांधलंय. २००८-०९ मध्ये दोन हजारांहून जास्त चाहत्यांनी सुट्ट्या टाकून, फुकट राबून ते नव्यानं उभारलं. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. जिथे आपण गातो ती जागा आपली होतेच.

तुझी
धाकटी


लाइपझिग, २५ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल रात्रीचं जेवण शेजारच्या आजींकडे. त्या मूळच्या इथून दक्षिणेच्या एर्झगबिर्गं डोंगरांतल्या. चांदीच्या, कथिलाच्या खाणींचा मुलूख. हिवाळ्यात खाणकामगार अंधारात उतरायचे आणि अंधारातच वर यायचे, म्हणून त्या लोकांना उजेडाचं वेड. त्यांच्या खिडकीत लाकडी दिव्यांची कमान आहे, तशा कमानी आता सगळ्या गावात दिसतात.

तिकडे २४ तारखेला ताटात नऊ प्रकार हवेत. मसूर हवेतच, म्हणजे घरात वर्षभर सुटे पैसे खुळखुळतात. बटाट्याचे उकडलेले गोळे मोठ्या पैशांसाठी. आंबवलेली कोबी, भाजलेला सॉसेज, दुधात भिजवलेला पाव, सफरचंद, अळिंबी, अशी जुळवाजुळव घराघराप्रमाणे बदलते. प्रत्येकाच्या ताटाखाली एक नाणं. टेबलावर मीठ-पाव. जेवण संपेपर्यंत कुणी उठायचं नाही. आणि एक ताट जास्तीचं, कुणी अवचित आलंच तर.

मी आजींना विचारलं, मसूर मी करू का? त्यांनी नातीकडून नीट समजून घेतलं, मसुराची आमटी म्हणजे काय. मग म्हणाल्या, मसूर मसूरच असतो ना, चालेल. कोकमं आणि गोडा मसाला मी येताना आणलाच होता. गूळ इथे मिळतो. फोडणीला जिरं-मोहरी घातल्यावर आजी दारात येऊन उभ्या राहिल्या, तडतड थांबेपर्यंत हलल्या नाहीत. त्यांनी आमटी वाटीत घेतली, बटाट्याचा गोळा तीत कुस्करला आणि दोनदा मागून घेतली. त्यांच्या आईच्या हातचे मसूर जरा आंबट असत, त्यात व्हिनेगर घालायची, असं सांगताना त्यांचा आवाज भरून आला. पुढच्या वर्षी मी नसले तरी लेकीनं ही आमटी करायची, असं त्यांनी लेकीकडून वदवून घेतलंय. नात लगेच म्हणाली, फोडणी मी घालणार.

जेवणानंतर श्टोलन कापला. काय मुरला होता म्हणून सांगू! आजींनी गाणी म्हटली, मग मला म्हणायला लावली. आईची पाळण्याची गाणी आठवत गेले. दोन कडवी आली, तिसरं अडलं.

तुझी
धाकटी


लाइपझिग, १ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल संध्याकाळी इथल्या गेवांडहाउस संगीतसभागृहातून बेथोवनची नववी सिंफनी टीव्हीवर लागली होती, आजीही आमच्याकडे आल्या होत्या. हेसुद्धा कुणी सुरू केलं ते विचारलंच. पहिलं महायुद्ध संपून दोनच महिने होत होते. १९१८ च्या ३१ डिसेंबरला इथल्या कामगारांच्या शिक्षणसंस्थेनं हा कार्यक्रम ठेवला, कामगारांचे गायकवृंद गायला, आर्टुर निकिश यांच्यासारखा नामवंत संचालक. सुरुवात मुद्दाम रात्री अकराला केली, म्हणजे शेवटचा आनंदाचा समूहस्वर नव्या वर्षाच्या तोंडावर यावा. तेव्हापासून वर्षअखेरीला नववी ही इथली रीतच झाली.

संक्रांतीच्या आत मी येतेच. हळदीकुंकू दरवर्षीप्रमाणे तुझ्याकडे. बायका वाण घेतात, तिळगूळ घेतात आणि पुढच्या घरी निघतात. यंदा आपण त्यांना बसवून घेऊया. एका रविवारी फक्त गाण्यासाठी बोलवूया. प्रत्येकीनं घरी केलेलं काहीतरी आणायचं आणि आपल्या आईकडून आलेलं एक गाणं म्हणायचं. पाळणा, ओवी, भोंडल्याचं गाणं, काहीही. आईच्या जात्यावरच्या ओव्या तुला माझ्यापेक्षा जास्त येतात, त्या मी येईपर्यंत वहीत लिहून काढ, त्या पाळण्याचं तिसरं कडवंही. कोपऱ्यावरच्या काकूंना आजच सांग, त्यांचा आवाज अजून खणखणीत आहे. आणि माळ्यावरची पेटी उतरवून घे. भाता गळतोय, तेवढा दुरुस्तीला टाक.

तुझी
धाकटी