पदराची उलटी बाजू

चेन्नईजवळच्या सिरुसेरीत, आयटी पार्कमध्ये नोकरी करणाऱ्या सुनेच्या घरी पार्सल आले. भाचीच्या लग्नासाठी सासूबाईंनी पेन्शनमधून पैसे साठवून मागवलेली ‘हातमागाची’ पैठणी! सासूबाईंनी आधी पदरच उलटला. हातमागाच्या अस्सल पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. इथे मागे धागेच धागे.

‘‘आई, ऑफरमधला माल परत घेत नाहीत म्हणे,’’ सून खजील झाली. मोबाईलवर तिनेच तर पसंत केली होती.

‘‘अगं, लिहायला त्यांचं काय जातंय!’’

खरेच आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीपेक्षा वेगळा निघाला, तर विक्रेत्याला तो परत घेणे किंवा पैसे देणे नाकारता येत नाही. नुसता रंग आवडला नाही, तर मात्र दुकानाची अट चालते. सुनेने पदराचे फोटो आणि जाहिरात तक्रार अधिकाऱ्याकडे पाठवली. त्याने ४८ तासांत पोच द्यायची, महिन्याभरात निकाल लावायचा. पोच आलीच नाही, तेव्हा तिने १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला.

पैसे बाविसाव्या दिवशी जमा झाले. तोवर लग्न होऊन गेले होते. सासूबाई आपली जुनी नारायणपेठीच नेसल्या होत्या.