पाकिटातली शिट्टी

कराडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी आप्पांचं किराणा दुकान होतं. दारात आडव्या बांधलेल्या तारेला रंगीत पाकिटांच्या माळा लटकायच्या. रुपयाला एक पाकीट. आत बॉबी, नाहीतर मसाला लावलेली चाकं, आणि त्यातच कुठेतरी दडून बसलेलं एक प्लास्टिकचं खेळणं. अंगठी, भोवरा, शिट्टी, बोटभर लांबीची मोटार. साच्यातून काढताना राहिलेली प्लास्टिकची पात कडेला तशीच असायची. ती दाताने कुरतडून काढायची, मग खेळणं आपलं.

पाकीट घेण्याआधी ते चाचपायची एक विद्या होती आणि ती मला चांगली येत होती. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये पाकीट धरायचं, आतली बॉबी मोडू द्यायची नाही, आणि हळूहळू सरकत जायचं. पोकळ गोल लागला की अंगठी. खाली टोक आणि वर चकती म्हणजे भोवरा. शिट्टी ओळखायला सगळ्यात सोपी, एका बाजूने चपटी आणि दुसऱ्या बाजूने पोटासारखी फुगीर. आप्पा गिऱ्हाइकाला साखर तोलून देता देता ओरडायचे, "ए पोरी, सगळ्या माळा चिवडू नगंस. घ्यायचं तर घे." तरी ते कधी हाकलायचे नाहीत. एखाद्या पाकिटात खेळणंच निघालं नाही, तर "आप्पा, ह्यात काहीच नव्हतं, दुसरं द्या की" म्हटल्यावर कुरकुरत का होईना, दुसरं पाकीट तोडून द्यायचे.

बॉबी आम्ही खायचोच. पाचही बोटांत एकेक अडकवून, करंगळीपासून सुरुवात करून खायचो. पण रुपया मागायचो तो खेळण्यासाठी. घरात पैसे मोठ्यांचे, कपडे मोठ्या बहिणीचे झालेले, पुस्तकं मागच्या वर्षीच्या पोरांची. आपण निवडली, आपल्या रुपयाने आणली आणि जिच्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही अशी माझी पहिली वस्तू म्हणजे त्या पाकिटातली एक हिरवी अंगठी. ती चार दिवसांत तुटली आणि मी रडले होते.

मग टॅझो आले. 2003 मध्ये कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन हिंदीत दिसायला लागलं आणि चिप्सच्या पाकिटांतून पिकाचू, चारिझार्ड, बल्बासॉर असलेल्या गोल चकत्या निघू लागल्या. तळहाताच्या खळग्यात मावेल एवढी चकती, कडेला खाचा. खाचेत खाच अडकवून मनोरे करता यायचे, पण आमच्या गल्लीत मनोरे कुणीच केले नाहीत. आम्ही डाव मांडायचो. सगळ्यांचे टॅझो चळत करून ओट्यावर ठेवायचे, आपल्याकडचा सगळ्यात जड टॅझो वरून आपटायचा, आणि उलटतील तेवढे आपले. 'डबल' आलेला टॅझो द्यायचा आणि नसलेला घ्यायचा, ही देवघेव तर शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत चालायची. चारिझार्डसाठी मी एकदा सात टॅझो मोजून दिले आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. चारिझार्डच्या शेपटीवर अजूनही माझ्या केशरी बोटाचा पुसटसा ठसा आहे. किती वेळा धुतला तरी तो गेला नाही.

या सगळ्याबद्दल जे मिळेल ते वाचायची मला सवय लागली. त्यातून कळलं की आमचा ओट्यावरचा डाव आमचा एकट्यांचा नव्हता. हवाई बेटांवर दुधाच्या बाटल्यांच्या पुठ्ठ्याच्या झाकणांची अशीच चळत लावून पोरं खेळायची. 1991 मध्ये ओआहू बेटावरच्या ब्लॉसम गॅल्बिसो नावाच्या शिक्षिकेने आपल्या वर्गातल्या मुलांना तो विसरलेला खेळ पुन्हा शिकवला, तिथून तो अमेरिकेभर पसरला, आणि 1994 मध्ये मेक्सिकोतल्या चिप्सच्या पाकिटांत तो टॅझो होऊन आला. आमचे वडील सोड्याच्या बाटल्यांचे बिल्ले दगडावर ठोकून चपटे करायचे आणि त्यांचा डाव मांडायचे. झाकण तिथेही होतं आणि इथेही होतं. मुलांना बहुधा एवढंच लागतं: हातात मावणारी, ढिगाने जमवता येणारी, हरता येणारी वस्तू.

खाऊत खेळणं घालायची युक्ती त्याहून फार जुनी. शिकागोचा 'क्रॅकर जॅक' नावाचा खाऊ म्हणजे मक्याच्या लाह्या आणि शेंगदाणे काकवीसारख्या पाकात घोळवलेले. हे वाचल्यावर मला आजीच्या हातचे लाह्यांचे गुळाचे लाडूच आठवले. 1896 मध्ये त्याला ते नाव मिळालं आणि 1912 पासून प्रत्येक खोक्यात एक बक्षीस यायला लागलं. शंभर वर्षांहून जास्त काळ ते चाललं. 2016 मध्ये मात्र खेळण्याच्या जागी मोबाइलवर खेळ उघडणारा छापील चौकोन आला. ते वाचून मला खरंच वाईट वाटलं. चाचपून ओळखावं असं पाकिटात काही उरलंच नाही.

पण ज्या गोष्टीमुळे हे लिहायला बसले ती वेगळी आहे.

2003 ची दिवाळीची सुट्टी होती. मी अकरा वर्षांची, धाकटा भाऊ चार वर्षांचा. त्याला आम्ही छोटू म्हणतो. त्याला शिट्टी हवी होती. आप्पांच्या तारेवरच्या माळेतून चाचपून शिट्टीचं पाकीट मीच निवडलं. लाल शिट्टी निघाली. दिवसभर ती वाजवून त्याने आजीचं डोकं उठवलं. संध्याकाळी अंगणात आम्ही पळापळी खेळत होतो. शिट्टी त्याच्या तोंडात होती. मी त्याला मागून पकडलं, तो खदखदून हसला, आणि एकदम खोकायला लागला. डोळ्यांत पाणी, ओठ निळसर. आईने पाठीवर थापट्या मारल्या. दोन-तीन मिनिटांनी खोकला थांबला, तो बसला, पाणी मागितलं. सगळ्यांना वाटलं, गिळली. पडेल बाहेर.

आजीने त्याला जवळ घेतलं, आणि तीच म्हणाली, "आगं, ह्याच्या छातीत शिट्टी वाजतीया."

मी कान लावला. श्वास आत घेतला की बारीक, लांबून आल्यासारखा आवाज. सोडला की पुन्हा. गावातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि वेळ न घालवता मिरजेला न्यायला सांगितलं. काकांची जीप काढली. तो आईच्या मांडीवर झोपला होता, गाडीत कुणी बोलत नव्हतं, आणि त्या अंधारात त्याच्या प्रत्येक श्वासाबरोबर ती शिट्टी ऐकू येत होती. मध्येच ऐकू आली नाही की आई त्याला हलवायची. पुन्हा वाजली की आम्ही सगळे श्वास सोडायचो.

मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलेलं मला नीट आठवतं, कारण नंतर मी ते आईकडून अनेकदा ऐकलं. प्लास्टिक एक्स-रेत दिसत नाही. उजव्या फुप्फुसाकडे जाणारी नळी डावीपेक्षा रुंद आणि सरळ असते, म्हणून आत गेलेली वस्तू बहुतेक वेळा उजवीकडेच जाते. लहान मुलाची श्वासनळी इतकी अरुंद असते की ती बंद व्हायला फार मोठी वस्तू लागत नाही. शिट्टी पोकळ होती, तिच्यातून हवा जात राहिली, म्हणून छोटू वाचला. तेवढ्याच आकाराचा भरीव मणी असता तर मिरज गाठता आली नसती. सकाळी भूल देऊन, घशातून दुर्बीण घालून त्यांनी ती काढली आणि छोट्या बाटलीत घालून आईच्या हातात दिली.

माझ्यावर कुणी रागावलं नाही. आप्पांनी दुसऱ्याच दिवशी तारेवरच्या सगळ्या माळा उतरवल्या. त्यांचा काही दोष नव्हता. पाकीट ज्यांनी भरलं त्यांनी ती शिट्टी मसाल्यात, बॉबीच्या आकाराची, बॉबीच्या सोबतीला टाकली होती, आणि पाकिटावर एका अक्षराने काही सांगितलं नव्हतं.

खेळण्यांवर माझा राग तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. खाऊ आणि खेळणं वेगळं ठेवणं काही अवघड काम नाही. अमेरिकेत 1938 च्या कायद्याने मिठाईच्या पोटात न खाण्याची वस्तू दडवायला बंदी आहे. बारामतीच्या कारखान्यात 2011 पासून तयार होणारं किंडर जॉयचं अंडं आतून दोन भागांत असतं, एकात खाऊ आणि दुसऱ्यात खेळणं, दोन्ही स्वतंत्र बंद केलेले. उघडताना मुलाचे डोळे तसेच चमकतात. माझ्या चार वर्षांच्या मुलाचे चमकतात, मी रोज पाहते. गंमत वेगळ्या कप्प्यात ठेवल्याने कमी होत नाही. गावाकडच्या टपऱ्यांवर मात्र खाऊ आणि खेळणं एकत्र असलेली पाकिटं अजूनही लटकलेली दिसतात.

छोटू आता सव्वीस वर्षांचा आहे. टॅझोंचा पत्र्याचा डबा माझ्याकडे आहे, त्यात त्रेसष्ट टॅझो आहेत आणि चारिझार्ड सगळ्यात वर आहे. ती बाटली आईच्या कपाटात, दागिन्यांच्या डबीशेजारी असते.

तुमच्या घरात पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर एवढं करा. असं पाकीट आधी तुम्ही फोडा, सगळा खाऊ ताटलीत ओता, खेळणं बाजूला काढा आणि खाऊ संपल्यावरच हातात द्या. लहान वस्तू तपासायला खेळण्यांच्या चाचणीत 31.7 मिलिमीटर व्यासाचं नळकांडं वापरतात. त्यात जे पूर्ण मावतं ते तीन वर्षांखालच्या मुलाला देत नाहीत. मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या, तोंडात बोट घालून अंदाजाने काही ओढायला जाऊ नका. आणि खोकला थांबला म्हणून घरी बसू नका. छातीला कान लावा, आणि त्याच रात्री दवाखाना गाठा.