वनस्पतींची शास्त्रीय नावे : आधी अर्थ, मग उच्चार

शिक्षक मित्रांनो, परिसर अभ्यास शिकवताना झाडाचं शास्त्रीय नाव आलं की आपल्यातले बरेच जण ते ओलांडून पुढं जातात. "ते मोठेपणी शिकाल," असं सांगून मोकळे होतात. खरं कारण असतं उच्चाराची भीती. पण माझा अनुभव असा, की आधी अर्थ सांगितला तर चौथीची मुलंसुद्धा ही नावं आवडीनं म्हणतात.

आमच्या तळवड्यात तर या नावांची गरजच आहे. कारखाने आणि आयटी पार्कमुळे वर्गात मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, कर्नाटक असं सगळीकडचं पोर असतं. शेवग्याची शेंग दाखवली की एक म्हणतं शेवगा, दुसरं सहजन, तिसरं नुग्गे. तिघंही बरोबरच! पण सगळ्या जगाला चालेल असं नाव एकच, मोरिंगा ओलिफेरा. 'मोरिंगा' आलं तमिळ-मल्याळममधल्या 'मुरुंगा'वरून. 'ओलिफेरा' म्हणजे तेल धारण करणारी, कारण शेवग्याच्या बियांतून तेल निघतं. आता आंबा घ्या, मँगिफेरा इंडिका. 'फेरा' ओळखीचं झालेलं असतं, त्यामुळे "मँगो धारण करणारा, भारतातला" हे मुलं स्वतःच सांगतात. इथं पाठांतर करावंच लागत नाही.

दोन शब्दांच्या नावाची ही पद्धत स्वीडनच्या लिनियस यांनी 1753 साली आपल्या ग्रंथात सगळ्या वनस्पतींना लावली. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे आडनावासारखा. दुसरा जातीचा, म्हणजे स्वतःच्या नावासारखा. याला आपट्यासारखं उदाहरण नाही. आपटा म्हणजे बौहिनिया रेसिमोसा. बौहिन नावाचे दोन भाऊ वनस्पतीशास्त्रज्ञ होते. आपट्याच्या कुळातलं पान जोडपान, म्हणून दोन भावांची आठवण त्या पानाला चिकटली. कांचनही बौहिनियाच, पण पुढचं नाव वेगळं. दसऱ्याला बाजारात आपट्याच्या नावाखाली कांचनाची पानं का खपतात, हे मुलांना इथं बरोबर कळतं. आडनाव एक, माणूस वेगळा!

काही नावांत तर आपलीच माणसं बोलतात. कडुनिंबाचं 'आझादिराक्टा' हे फारसी 'आझाद दरख्त', म्हणजे मुक्त वृक्ष. चिंचेचं 'टॅमरिंडस' हे अरबी 'तमर हिंदी', म्हणजे हिंदचा खजूर. त्याला पुन्हा 'इंडिका' जोडलंय, म्हणजे हिंद दोनदा आलं. गंमत अशी की चिंच मुळातली आफ्रिकेची. अडुळशाच्या नावातलं 'अधाटोडा' हे तमिळ-मल्याळममधून आलं. 'आडु' म्हणजे शेळी, 'तोडा' म्हणजे शिवत नाही. शेळी तोंड लावत नाही ते झाड. खेड्यातून आलेल्या मुलांना हे वेगळं समजवावं लागत नाही.

आपल्या जवळच्या आळंदीला माउलींच्या समाधीपाशी अजानवृक्ष आहे. त्याचं शास्त्रीय नाव एरेशिया लीव्हिस. वनस्पतींची चित्रं काढणारे जर्मन चित्रकार एरेट यांच्यावरून 'एरेशिया', आणि 'लीव्हिस' म्हणजे गुळगुळीत. वारीत पाहिलेल्या झाडाला असंही एक नाव आहे, हे ऐकून मुलांचे डोळे मोठे होतात.

आता उच्चार. नावाचं स्पेलिंग आंतरराष्ट्रीय नियमानं ठरलेलं असतं, उच्चाराला तसा नियम नाही. इंग्रजी वळणाचे लोक 'लीव्हिस' म्हणतात, जुन्या रोमन पद्धतीचे 'लाएविस'. दोन्ही चालतात. अडलं तर अर्थ वाट दाखवतो. सीताअशोक म्हणजे सराका असोका. शेवटी इंग्रजी 'सी' लिहितात, पण मूळ शब्द अशोक, म्हणून 'असोसा' नाही, 'असोका'. 'आझादिराक्टा'तलं 'सीएच' हे 'च' नसून 'क', कारण मूळ 'दरख्त'.

याच अशोकावरून मुलांना नेमकेपणाचं मोल सांगता येतं. सोसायटीच्या कुंपणाला सरळसोट वाढलेला दिसतो तो खोटा अशोक, त्याच्या जुन्या शास्त्रीय नावात 'लाँगिफोलिया' आहे, म्हणजे लांब पानांचा. आयुर्वेदात स्त्रियांच्या आजारावर साल वापरतात ती सीताअशोकाची. त्यात खोट्या अशोकाच्या सालीची भेसळ होते. मराठीत दोघंही 'अशोक'. शास्त्रीय नाव मात्र फसू देत नाही.

वर्गात करून बघा : शाळेच्या आवारातली पाचच झाडं निवडा. पाटीवर मराठी नाव, मुलांच्या घरच्या भाषेतलं नाव, देवनागरीत शास्त्रीय नाव आणि खाली अर्थ लिहा. नाव तोडून टाळ्यांवर म्हणा, मँ-गि-फे-रा. एखाद्याचा उच्चार वेगळा आला तर हसू देऊ नका. "याचा अर्थ काय असेल?" एवढंच विचारा. झाडाची ओळख तिथूनच सुरू होते.