नहरीचं पाणी

रविवारी फजरनंतर परत झोपायचं, हा आमच्या घरचा जुना रिवाज. तो मोडून मी आणि माझा नववीतला मुलगा सकाळी सात वाजता भडकल दरवाजापाशी जाऊन उभे राहिलो. काही इतिहासप्रेमी मंडळींनी जुन्या शहराची पायी फेरी ठेवली होती. माहिती सांगायला एक निवृत्त प्राध्यापक होते. मुलाची अट एकच होती : परतताना नान-खलिया.

खरं सांगायचं तर मी शिकायला नव्हे, तपासायला गेले होते. उर्दू माध्यमाच्या शाळेत अठरा वर्षं मराठी शिकवते, शिक्षक कमी पडले की इतिहासही. मलिक अंबर मला तोंडपाठ. आजच्या इथिओपियात जन्म, गुलाम म्हणून विक्री, पुढे निजामशाहीचा वजीर, १६१० मध्ये खडकी शहर वसवलं. दोन गुणांचा प्रश्न, हमखास येणारा.

सरांनी दरवाजासमोर आम्हाला चांगली पंधरा मिनिटं उभं केलं. याच्या बाजूने मी हजारदा गेले असेन, पण मान वर करून पाहायला मागचा रिक्षावाला थांबू देतो कुठे? १६१२ मध्ये मुघल फौजेवरच्या विजयाची आठवण म्हणून हा उभा राहिला, असं ते म्हणाले. भातवडीच्या लढाईत, १६२४ मध्ये, शहाजीराजे मलिक अंबरच्या बाजूने लढले, हे ऐकून मुलाने माझ्याकडे पाहिलं. ‘‘अम्मी, तुला माहीत होतं?’’ माहीत होतं. सांगितलं मात्र कधी नव्हतं, कारण त्याला गुण नव्हते.

कुणीतरी शहराच्या नावाचं विचारलं. खडकी, मग फतेहखानाने केलेलं फतेहनगर, १६५३ मध्ये औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. सरांनी एका दमात चारही नावं सांगितली आणि चालायला लागले. मला ते आवडलं.

महमूद दरवाजातून आम्ही पाणचक्कीवर आलो. इथे माझी फजिती झाली. मुलाला ऐकू जाईल अशा बेताने मी म्हटलं, ‘‘ही पण मलिक अंबरचीच.’’ सर थांबले. ‘‘नाही मॅडम. मलिक अंबर १६२६ मध्ये वारला. ही त्याच्यानंतर कित्येक वर्षांनी, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यासाठी झाली. ते बुखाऱ्याकडून आलेले नक्शबंदी सूफी. मलिक अंबरची नहर वेगळी, ही वेगळी. शहरात अशा बऱ्याच नहरी होत्या.’’ अठरा वर्षांतल्या मुलामुलींना मी चुकीचं सांगितलं होतं. सोमवारी वर्गात दुरुस्ती करायची, हे तिथेच ठरवलं.

मग त्यांनी पाण्याचा प्रवास समजावला. लांबच्या उंचावरच्या झऱ्यातून पाणी बंद नळांमधून येतं. उगम वर असल्याने त्याच दाबाने ते भिंतीत चढतं, मोटार नाही की पंप नाही. तिथून हौदात पडतं आणि खालच्या पात्यांवर पडून जातं फिरवतं. त्या पिठाच्या रोट्या दर्ग्यात येणाऱ्या मुसाफिरांना आणि फकिरांना मिळायच्या. हौदाखाली भलं मोठं दालन, म्हणजे हौद हेच त्याचं छत. उन्हाळ्यात तिथे गारवा असतो.

मुलाने हौदाच्या पाण्यात हात घातला. मला एकदम माझी मरहूम नानी आठवली. बेगमपुऱ्यातल्या तिच्या घरी नळ आला, तरी ती कुरकुरायची, ‘‘नल के पानी में दाल गलती नई. नहर का पानी, वो पानी था.’’ आम्ही नातवंडं हसायचो. तिला पस्तीस वर्षं पाहिलं, पण ती नहर कुठली, घरात कुठून यायची, एकदाही विचारलं नाही. आणि मी इतिहास शिकवते.

नान-खलिया झाला, घरी आलो. त्या दिवशी नळाचा वार होता. आमच्याकडे दावतीसुद्धा नळाचा वार बघून ठरतात. पिंप भरता भरता अम्मीला विचारलं. बहात्तर वर्षांची अम्मी भाजी निवडायची थांबली. अंगणात हौद होता म्हणाली, गळ्यापर्यंत भरलेला. कोपऱ्यात मातीच्या नळाचं तोंड, त्याला नानी कापडाचा बोळा लावायची. कधी पाणी अडायचं, मग शेजारची चार माणसं जमून नळ साफ करायची. रमजानमध्ये इफ्तारीला सरबत त्याच पाण्याचं, बर्फ कोण आणणार? अम्मी तासभर बोलत होती. पिंप भरून वाहून गेलं, तरी कुणी ओरडलं नाही.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं बेगमपुऱ्यात गेलो. घर केव्हाच विकलं गेलंय, आता तिथे मंडपवाल्याचं सामान असतं. मालक भला माणूस. ‘‘आइये खाला,’’ म्हणत त्याने खुर्च्यांच्या थप्प्या हलवल्या. हौद राडारोड्याने बुजवलेला, पण कोपऱ्यात भाजलेल्या मातीचं ते तोंड शाबूत होतं. कोरडं. मुलगा गुडघ्यांवर बसला आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

अम्मी भिंतीला धरून उभी होती. ‘‘अंदर ठंडा है क्या रे?’’

‘‘हौ नानी,’’ तो म्हणाला.