एक मेचा पाहुणा

एक मेला सकाळी पनवेलच्या शाळांत झेंडावंदन होतं आणि मग वर्गावर्गांतून एक पाहुणा घरोघरी निघतो. अंगानं किरकोळ, जाड कागदाचा, मधोमध घडी घातलेला. त्याचं नाव प्रगतिपुस्तक. दिवाळीच्या सुमारास तो एकदा डोकावून जातो, पण खरा मुक्काम एक मेचा. त्या दिवशी सुट्टी असते. एरवी पहाटेची लोकल पकडून मुंबई गाठणारे वडीलही घरात सापडतात, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. आल्यावर तो पाणी मागत नाही, सही मागतो.

स्वारीला स्वतःच्या रूपाचं भारी कौतुक. वर शाळेचं बोधचिन्ह, खाली बाईंच्या ठेवणीतल्या अक्षरात मुलाचं नाव, अंगात प्लास्टिकचं कव्हर. मात्र त्याचा सगळा तोरा गुणांच्या रकान्यात. खांदा कॉलनीतल्या एखाद्या सोसायटीत दिवेलागणीपर्यंत तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं, कुणाकडे अ-१ उतरला आणि कुणाकडे क-१. क-१वाला मुलगा त्या दिवशी क्रिकेटला खाली येत नाही.

तरुणपणी हा पाहुणा फार तापट होता. कमी गुणांखाली लाल रेघ ओढायचा आणि ‘नापास’ हा शब्द ठसठशीत लिहायचा. १ एप्रिल २०१० रोजी शिक्षण हक्क कायदा लागू झाला. आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात बसवणं थांबलं, शारीरिक शिक्षेला आणि मानसिक त्रासाला बंदी आली. महाराष्ट्रानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं, गुणांच्या जागी श्रेणी आल्या आणि पाहुण्याचा आवाज खाली आला. पण घरच्यांनाच चैन पडेना. शाळेच्या फाटकाशी उभं राहून पालक विचारू लागले, ‘‘बाई, ब-२ म्हणजे नक्की किती टक्के?’’ ६१ ते ७०, हे कळल्यावरच त्यांचा जीव भांड्यात पडायचा, किंवा भांड्यातून बाहेर. पुढे २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीत मुलाला थांबवण्याची मुभा परत आली, आणि पाहुण्याचा आवाज पुन्हा थोडा चढला.

त्याला दोन आवाज आहेत, हे फार थोड्यांना माहीत आहे. एक आकड्यांचा, खणखणीत. दुसरा वर्णनात्मक नोंदींचा, अगदी हळू. ‘प्रयोगाची मांडणी स्वतः करतो’, ‘गटात काम करताना इतरांना सांभाळून घेते’, ‘शंका विचारायला लाजतो’. चाळीस मुलांच्या नोंदी रात्री जागून लिहिताना बाई कधीकधी तयार याद्यांतली वाक्यं उचलतात, हेही खरं. तरी एखादं वाक्य अस्सल असतं. एका मुलीच्या पुस्तकात बाईंनी लिहिलं होतं, ‘उत्तर चुकलं तरी पुन्हा हात वर करते.’ घरात ते कुणीच वाचलं नाही. सगळ्यांची नजर गणिताच्या रकान्यावर होती.

ही खोड एकट्या पनवेलची नाही. मानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांनी इस्रायलमध्ये पाचवी-सहावीच्या मुलांवर एक प्रयोग केला. तो १९८८ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना कामावर फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरे, काहींना दोन्ही. फक्त शेरे मिळालेल्या मुलांची गोडी टिकली आणि काम सुधारलं. दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा तसा फायदा झाला नाही. शेजारी गुण बसला की शेरा मुका होतो. आपल्या पाहुण्याचं घराघरांत नेमकं हेच होतं.

त्याच्या पोटात एक शहाणा कोपराही आहे. तिथे तो मुलाची उंची आणि वजन लिहितो. १२८ सेंटिमीटर. हा आकडा वाचून कुणी आई रडत नाही, कुणी बाबा ‘शेजारचा १३२ आहे’ म्हणून ओरडत नाहीत. मूल वाढतंय, पुढच्या वर्षी आणखी वाढेल, असं सगळे धरून चालतात. दोन बोटं पलीकडे गणितात ४१ दिसले की मात्र तोच आकडा मुलाचा स्वभाव ठरतो: ‘‘याला गणित येतच नाही.’’ कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हयातभर हाच फरक अभ्यासला. बुद्धी जन्मजात आणि ठरलेली असं मानणारं मूल अवघड गणितापासून पळतं. ती सरावानं वाढते असं मानणारं मूल त्याच्याशी झटतं. १९९८ सालच्या त्यांच्या प्रयोगात ‘हुशार आहेस’ अशी शाबासकी मिळालेली मुलं अपयशानंतर लवकर खचली; ‘मेहनत घेतलीस’ हे ऐकलेली टिकून राहिली. म्हणून अ-१ आणणाऱ्या मुलालाही हा पाहुणा जपून भेटवावा लागतो.

त्याला चुगलीची सवयही आहे. जूनमध्ये नवे गुरुजी वर्गावर येतात, आणि मुलाचा चेहरा पाहण्याआधी हा त्यांच्या कानाला लागतो: ‘‘हा मागचाच.’’ रॉबर्ट रोझेन्थाल आणि लिनोर जेकबसन यांनी १९६८ साली एका अमेरिकन शाळेचा प्रयोग मांडला. कशीही चिठ्ठी काढावी तशी निवडलेली काही मुलं ‘यंदा बहरणार’ म्हणून शिक्षकांना सांगितली, आणि लहान वर्गांतली ती मुलं खरंच पुढे गेली. हा परिणाम किती मोठा, यावर पुढे वाद झाले. शिक्षकाच्या अपेक्षेची ऊब मुलाला जाणवते, हे मात्र वर्गात उभं राहिलेला कुणीही सांगेल.

पाहुण्याची नजरही अधू आहे. कर्नाळ्याच्या पायथ्याशी असलेल्या वाड्यांतलं कातकरी मूल घरी कातकरी बोलतं आणि वर्गात पुस्तकी मराठी ऐकून गप्प बसतं. पाहुणा त्या गप्प बसण्याला ‘येत नाही’ म्हणतो. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेल्या आईबापांसोबत गेलेलं मूल त्याला ‘अनियमित’ दिसतं. नवी मुंबई विमानतळासाठी दहा गावं उठली, तिथल्या मुलांची शाळेची वाट आणि शेजार बदलला. त्यासाठी त्याच्याकडे रकानाच नाही. उपस्थितीचे दिवस तो मोजतो, पण त्यातल्या किती दिवशी मूल पोटात गोळा घेऊन आलं, हे त्याला दिसत नाही. आणि भीतीनं आकसलेलं मन शिकत नाही. गणिताची धास्ती डोक्यातली तीच जागा अडवून बसते, जिथे हातचा धरून ठेवायचा असतो.

आता या पाहुण्याला नवे कपडे शिवले जात आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं त्याला समग्र प्रगतिपत्रक व्हायला सांगितलं आहे. त्यात शिक्षकाबरोबर मूल स्वतःबद्दल लिहील, सोबतीही त्याच्याबद्दल लिहितील. आयुष्यभर नुसतं बोलत आलेला हा गृहस्थ उतारवयात ऐकायला शिकतो आहे. त्याला आपण मदत केली पाहिजे. नाहीतर नव्या कपड्यांतही आपण टक्केच शोधत बसू.

तो मनानं वाईट नाही. मूल वाढतंय ना, हे पाहायलाच तो येतो. त्याचं अर्धंच बोलणं ऐकून त्याला कडक आपणच केलं.

तेव्हा येत्या एक मेला तो आला की गुणांच्या रकान्यावर तळहात ठेवा. आधी नोंद वाचा, मोठ्यानं, मुलाला ऐकू जाईल अशी. मग मुलाला विचारा, ‘‘यंदा तुला काय जड गेलं?’’ उत्तर पूर्ण ऐका. त्यानंतर हात काढा आणि गणिताचा आकडा उंचीच्या आकड्यासारखा वाचा. मूल निकालाच्या नावानं जेवेनासं, झोपेनासं झालं असेल, तर त्याला एकटं सोडू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक अशा वेळी मदतीला आहे. सही सगळ्यात शेवटी करा. पाहुणा थांबतो. त्याला कुठलीही लोकल गाठायची नसते.